दुसऱ्यांच्या कथेत वाढलेली माणसे

निहॉन फाल्कॉम या जपानी कंपनीची ‘ट्रेल्स’ ही रोल-प्लेइंग, म्हणजे पात्राची भूमिका घेऊन खेळायच्या, व्हिडिओ गेमची मालिका २००४ साली सुरू झाली आणि २०२४ सालापर्यंत तिचे तेरा भाग आले. हे तेराही भाग एकाच जगात घडतात, त्यांचा काळ सलग पुढे सरकतो आणि पहिल्या भागात भेटलेले एखादे पात्र अकराव्या भागात पुन्हा समोर येते तेव्हा मधल्या काळात त्याच्या आयुष्यात जे काही घडले ते सारे त्याच्या सोबत आलेले असते. या परीक्षणाचा विषय आहे मालिकेतील दहावा भाग, ‘ट्रेल्स इंटू रेव्हरी’. जपानमध्ये तो ऑगस्ट २०२० मध्ये आला आणि इंग्रजी आवृत्तीसाठी जुलै २०२३ उजाडावे लागले. मात्र या भागाचे मोल ठरवायचे तर आधीच्या नऊ भागांनी माणसे कशी घडवली हे पाहावेच लागते, कारण ‘रेव्हरी’ हा त्या साऱ्या माणसांचा हिशेब मांडणारा गेम आहे. सुरुवातीच्या भागांतील काही उलगडे पुढे सांगावे लागणार आहेत. ‘रेव्हरी’ची आणि त्याच्या लगेच आधीच्या दोन भागांची मुख्य रहस्ये मात्र मी झाकूनच ठेवली आहेत.

मालिकेचे जग म्हणजे झेमुरिया हा खंड. त्यात लिबर्ल हे छोटे राज्य आहे, एरेबोनिया हे लष्करी बळावर उभे असलेले साम्राज्य आहे, कॅल्वार्ड हे प्रजासत्ताक आहे आणि या शेवटच्या दोघांच्या चिमटीत सापडलेले क्रॉसबेल हे नगरराज्य आहे. पहिले तीन गेम लिबर्लमध्ये घडतात, पुढचे दोन क्रॉसबेलमध्ये, त्यापुढचे चार एरेबोनियात. ‘रेव्हरी’ क्रॉसबेल आणि एरेबोनिया या दोन्ही कथांना एकत्र बांधतो आणि त्यानंतर मालिका कॅल्वार्डकडे वळते. कथेतील पंचांगाप्रमाणे पहिला गेम १२०२ साली सुरू होतो आणि तेरावा १२०९ साली येऊन थांबतो. म्हणजे खेळणाऱ्यांची वीस वर्षे गेली आणि पात्रांची जेमतेम सात. हे प्रमाण मला फार महत्त्वाचे वाटते. बारा वर्षांची टिटा रसेल ही आजोबांच्या कार्यशाळेत यंत्रे उघडून बसणारी मुलगी चार वर्षांनी परक्या देशातील लष्करी विद्यालयात विद्यार्थिनी म्हणून दिसते. तिची वाढलेली उंची, आवरलेला स्वभाव आणि तरीही यंत्र पाहिल्यावर चमकणारे डोळे हे सगळे एका दृश्यात खरे वाटते, कारण ती चार वर्षे लेखकांनी मधल्या प्रत्येक गेममध्ये प्रामाणिकपणे मोजलेली आहेत.

या मालिकेची खरी ताकद कोणती, असे मला कोणी विचारले तर मी एकाच मुलीचे नाव घेईन. ती आहे रेन. (एरेबोनियातील नायकाचे नाव रीन आहे. दोन्ही नावे कानाला सारखी वाटली तरी माणसे अगदी निराळी आहेत.) रेनची कथा सांगितल्याशिवाय ‘रेव्हरी’ काय साधू पाहतो हे नीट सांगता येणार नाही, म्हणून इथे थोडे थांबते.

रेन पहिल्यांदा दिसते ती २००६ सालच्या दुसऱ्या गेममध्ये, लिबर्लच्या राजधानीत, आईवडील हरवले म्हणून एकटी फिरणारी गोड, हट्टी, हुशार मुलगी म्हणून. कथेची नायिका एस्टेल ब्राइट तिला मायेने सांभाळते आणि तिच्या आईवडिलांचा शोध घेते. मग कळते की ही मुलगी ओरोबोरोस या गुप्त संघटनेची पंधराव्या क्रमांकाची हस्तक आहे, आईवडील म्हणून जे दाखवले गेले ते बाहुले होते आणि पॅटर-मॅटर नावाचे एक महाकाय यंत्र तिच्या हाकेला धावून येते. पॅटर-मॅटर म्हणजे लॅटिनमध्ये बाप आणि माय. एका लहान मुलीने आपल्या यंत्राला या नावाने हाक मारावी, एवढ्या एका तपशिलात तिचे सारे दुःख आधीच सांगून झालेले असते, पण पहिल्या भेटीत ते आपल्या लक्षात येत नाही.

२००७ सालच्या तिसऱ्या गेममध्ये एक बंद दार उघडते आणि त्यामागे रेनचे बालपण दिसते. मुलांवर अत्याचार होणाऱ्या एका ठिकाणी ती अडकलेली असते आणि जे तिच्या वाट्याला येते ते ती मनातल्या मनात कल्पिलेल्या इतर मुलांच्या नावावर टाकत राहते. हा प्रसंग मालिकेतील सर्वांत काळोखा आहे आणि तो जवळजवळ केवळ शब्दांतून सांगितलेला आहे. मला तो पूर्ण वाचून झाल्यावर गेम बंद करून बराच वेळ बसून राहावे लागले. इथे तिची कथा संपली असती तरी ती लक्षात राहिली असती, पण ती केवळ एका पीडित मुलीची कथा म्हणून. लेखकांनी तसे होऊ दिले नाही.

चौथा गेम, २०१० सालचा ‘झीरो’, क्रॉसबेलमध्ये घडतो आणि त्याचा नायक लॉइड बॅनिंग्ज हा एक तरुण पोलीस गुप्तहेर आहे. लॉइडला रेन कोण हे ठाऊक नाही. एका व्यापाऱ्याचा कॉलिन नावाचा छोटा मुलगा हरवतो, लॉइड आणि त्याचे सहकारी त्याला शोधून काढतात आणि त्यानंतर ते व्यापारी दांपत्य आपल्या मनातील जुनी जखम लॉइडपुढे उघडी करते. अनेक वर्षांपूर्वी कर्जात बुडाल्यामुळे त्यांनी आपल्या मुलीला ओळखीच्या माणसाकडे सोपवले होते आणि परत आले तेव्हा त्या घराला आग लागून सारे संपल्याचे त्यांना कळले होते. त्यांच्या लेखी मुलगी मेली होती. मुलीच्या लेखी त्यांनी तिला टाकून दिले होते. ती मुलगी हे सारे आडून ऐकत असते.

या प्रसंगाची रचना पाहण्यासारखी आहे. रेनच्या आयुष्यातील सर्वांत मोठे सत्य तिला ज्या कथेत कळते ती कथा तिची नाही, आणि ज्याच्यासमोर ते उघड होते त्या लॉइडला त्याचे पूर्ण वजन कळत नाही. ते वजन कळते ते आपल्याला, कारण आपण चार वर्षे आधीपासून तिला ओळखत असतो. लॉइडच्या दृष्टीने हे एका दिवसाचे काम असते आणि तो ते मनापासून करतो. एस्टेल आणि तिचा सोबती जोशुआ तिला शोधत क्रॉसबेलला आलेले असतात. पळून पळून दमलेल्या रेनला अखेर एस्टेल कवेत घेते तेव्हा दुसऱ्या गेममध्ये दिलेला शब्द चौथ्या गेममध्ये पुरा होतो. पुढे २०२१ साली सुरू झालेल्या कॅल्वार्डच्या कथेत रेन ब्राइट अरामिस विद्यालयाची विद्यार्थी परिषदेची अध्यक्ष आहे. त्या कथेतील आन्येस या मुलीच्या नजरेत ती एक हुशार, रुबाबदार, किंचित खोडकर ताई आहे. आन्येसला तिच्यामागचे काहीच दिसत नाही, आपल्याला सगळे दिसते. एखाद्या व्यक्तिरेखेचा प्रवास पुरा झाला याची खूण म्हणून, तिला नव्याने भेटणाऱ्यांना तिचे दुःख दिसेनासे व्हावे, याहून सुंदर कल्पना मला रोल-प्लेइंग गेममध्ये दुसरीकडे भेटलेली नाही.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की ‘ट्रेल्स’मधील माणसे दुसऱ्यांच्या कथेत वाढतात. नायकाच्या खुर्चीवर बसलेला माणूस स्वतःविषयी सतत बोलत असतो आणि आपणही त्याच्याच डोक्यात बसून जग पाहत असतो, त्यामुळे तो किती बदलला हे मोजायला बाहेरची जागाच उरत नाही. ती जागा पुढचा गेम देतो. २०१४ सालच्या सातव्या गेमच्या शेवटी एक छोटे प्रकरण आहे, ज्यात खेळाडूला अचानक लॉइड आणि त्याची सोबतीण रिक्सिया यांना घेऊन क्रॉसबेलच्या भुयारांत उतरावे लागते आणि तिथे समोर उभा राहतो तो रीन श्वार्झर. ज्याच्या हृदयातील प्रत्येक शंका आपण दोन गेमभर ऐकली तोच रीन इथे साम्राज्याचा वर्दीतील वीर म्हणून वाट अडवतो आणि आपल्याला त्याच्याशी लढावे लागते. क्रॉसबेल साम्राज्याने गिळले आहे आणि हा मुलगा त्या साम्राज्याचा चेहरा झाला आहे, हे रीनच्या स्वतःच्या तोंडून ऐकण्यापेक्षा लॉइडच्या बाजूने पाहताना कितीतरी जास्त बोचते. पुढच्या गेममध्ये जुना क्रॉफर्ड ही क्रॉसबेलची मुलगी रीनच्या वर्गात विद्यार्थिनी म्हणून येते आणि त्याच रागाने त्याच्याकडे पाहते. तिचा तो राग योग्य आहे, असे गेम आपल्याला वाटू देतो. रीनला त्यासाठी माफी मागायला न लावता, तो राग ऐकून घेणारा शिक्षक म्हणून उभे करणे ही आठव्या गेमची मोठी कमाई आहे.

‘रेव्हरी’ने हीच गोष्ट रचनेतच आणली. या गेममध्ये तीन कथा शेजारी शेजारी चालतात: लॉइडची, रीनची आणि ‘सी’ या नावाने वावरणाऱ्या एका मुखवटाधारी पुरुषाची. खेळाडू एका पटलावरून या तीन वाटांमध्ये हवे तेव्हा जाऊ शकतो. काही ठिकाणी मात्र एक वाट अडते आणि दुसऱ्या वाटेवर पुढे गेल्याशिवाय ती मोकळी होत नाही. सुरुवात क्रॉसबेलच्या पुन्हा स्वतंत्र होण्याच्या सोहळ्याने होते आणि सहीच्या क्षणीच तो सोहळा उधळला जातो. तिकडे एरेबोनियात राजपुत्र ओलिव्हर्ट आणि त्याची नवविवाहित पत्नी शेराझार्ड मधुचंद्राच्या प्रवासातून नाहीसे होतात आणि त्यांच्या शोधाचे काम रीनकडे येते. तिसऱ्या वाटेवर मारेकऱ्यांच्या संघटनेतून पळून आलेली दोन मुले, स्विन आणि नादिया, एका पेटीत लापिस नावाची बाहुली शोधतात, जी बोलते, चालते आणि स्वतःविषयी काहीही आठवत नसल्याचे सांगते.

तिन्ही वाटांत ही तिसरी निःसंशय सर्वोत्तम आहे. स्विन आणि नादिया यांचा उगमही मोठा गमतीशीर आहे. आधीच्या गेममध्ये खेळाडूला दुकानांतून एका कादंबरीचे सुटे भाग मिळत असत, ज्यांची पात्रे केवळ ‘तीन’ आणि ‘नऊ’ या आकड्यांनी ओळखली जात. ती कादंबरी ज्यांनी आवर्जून गोळा करून वाचली होती त्यांना ‘रेव्हरी’त कळते की ती पात्रे याच जगातील हाडामांसाची माणसे आहेत. लापिसचे आडनाव रोझेनबर्ग आहे आणि रेन क्रॉसबेलजवळ ज्या म्हाताऱ्या बाहुलीकाराच्या आसऱ्याला राहत होती त्याचेही आडनाव तेच. जुने धागे असे हळूच हाताला लागतात आणि त्यांची ओळख नसलेल्या खेळाडूचेही काही अडत नाही, कारण या चौघांचे आपसातले नाते गेम अगदी पहिल्या पायरीपासून बांधतो.

आणि मग स्वतः ‘सी’. हा मुखवटा मालिकेत पूर्वी दुसऱ्या कोणीतरी घातला होता, एवढे जुन्या खेळाडूंना पाहताक्षणी कळते. या वेळी मुखवट्यामागे कोण आहे हे मी सांगणार नाही. इतकेच सांगते की तो नवा माणूस नाही आणि आपण त्याला ज्या रूपात ओळखत होतो ते रूप आवडण्यासारखे मुळीच नव्हते. पूर्वी तो दुसऱ्यांच्या कथांमध्ये वरच्या मजल्यावरून उतरत असे, माणसे वापरत असे आणि निघून जात असे. ‘रेव्हरी’ त्याला तीन मुलांसोबत एका मुक्कामावरून दुसऱ्या मुक्कामावर चालायला लावतो, त्यांचे जेवण, त्यांचे भांडण, त्यांचा थकवा यांत सहभागी व्हायला लावतो, आणि तो काय होता हे त्या मुलांना ठाऊक नसल्यामुळे ती त्याच्याशी जशी वागतात तसे त्याच्याशी आयुष्यात कोणी वागलेले नसते. त्याच्या बदलाचे एकही मोठे भाषण मध्यापर्यंत येत नाही. नादिया त्याची थट्टा करते आणि तो पहिल्यांदा उत्तर देत नाही, दुसऱ्यांदा देतो, तिसऱ्यांदा स्वतःच थट्टा करतो. लापिस त्याला अवघड प्रश्न सरळ विचारते आणि तो टाळत टाळत अखेर एकाचे खरे उत्तर देतो. पश्चात्ताप दाखवण्याची ही पद्धत मला मनापासून पटली. गुन्हा पुसला जात नाही, कोणी त्याला एका वाक्यात माफ करत नाही आणि ज्यांचे त्याने नुकसान केले ते लोक दुसऱ्या वाटेवर आपल्यालाच चालवायचे असल्यामुळे त्यांचा राग आपल्या हातातून कधी सुटत नाही. एकाच संध्याकाळी लॉइडच्या वाटेवरून या माणसाच्या वाटेवर यावे लागते तेव्हा पोटात जे ढवळते ते दुसऱ्या कोणत्याही रचनेने साधले नसते.

लॉइडची वाट अर्धी यशस्वी आहे. हातातोंडाशी आलेले स्वातंत्र्य हिसकावले गेल्यावर लॉइडसारखा सतत दुसऱ्यांना उभारी देणारा माणूस स्वतः कोलमडतो, ही कल्पना चांगली आहे आणि तिला पूर्वीच्या दोन गेमचा भक्कम आधार आहे. त्याचा मोठा भाऊ गाय हा त्याच्या आधीचा गुप्तहेर होता, त्याच्या खुनाचा तपास हा लॉइडच्या साऱ्या धडपडीचा गाभा होता आणि अडचण म्हणजे भिंत, ती सहकाऱ्यांसोबत ओलांडायची, ही त्याची ठरलेली भाषा होती. भिंत पुन्हा पुन्हा समोर येते तेव्हा तीच भाषा पोकळ वाटू लागते, हे ‘रेव्हरी’ प्रामाणिकपणे दाखवतो. पण त्याचे पुन्हा उभे राहणे फार लवकर उरकले आहे. रँडी ऑर्लँडोचे तसे नाही. भाडोत्री सैनिकांच्या घराण्यात जन्मून ते रक्त झुगारू पाहणारा हा माणूस मधल्या काळात साम्राज्याच्या विद्यालयात शिक्षक म्हणून अडकवून ठेवला गेला होता आणि आता तो मित्रांमध्ये परतला आहे. त्याचे हसणे पूर्वीइतकेच मोकळे आहे, पण मुलांना सांभाळण्याची सवय त्याच्या अंगात मुरली आहे आणि लॉइड खचतो तेव्हा तो जे बोलतो ते मित्राइतकेच शिक्षकाचेही बोलणे असते. इथेही पाहा, रँडीची वाढ झाली ती रीनच्या कथेत आणि तिचे फळ मिळाले लॉइडच्या कथेत.

रीनच्या वाटेविषयी मला तक्रार आहे आणि ती केवळ ‘रेव्हरी’पुरती नाही. एरेबोनियाच्या चार गेममध्ये रीनभोवती इतकी माणसे गोळा झाली की त्यांतल्या बहुतेकांचे काम त्याच्याविषयी चिंता करणे एवढेच उरले. त्यांतल्या पहिल्या गेममध्ये, रीन स्वतः विद्यार्थी असताना, वर्गातील नऊ विद्यार्थी खरोखर स्वतंत्र होते. सरदारपुत्र जुसिस आणि सरदारांचा तिरस्कार करणारा माकियास यांचे भांडण, मग कुरबुर, मग एकमेकांवरचा न बोललेला विश्वास हा प्रवास मला आजही आवडतो आणि त्यात रीनची भूमिका जेमतेम मध्यस्थाची आहे. पुढे मात्र सहकाऱ्यांशी एकांतात बोलण्याचे प्रसंग खेळाडूच्या निवडीवर सोडले गेले आणि त्यांतले बहुतांश प्रसंग स्त्री-पात्रांच्या रीनवरील ओढीकडे झुकले. ज्या खेळाडूने जी निवड केली ती त्याच्यापुरती खरी मानायची असल्यामुळे पुढच्या गेमला त्यांपैकी काहीच घडलेले धरता येत नाही. परिणामी ही नाती दर गेममध्ये एकाच उंबरठ्यावर येऊन थांबतात आणि त्या मुलींच्या आयुष्यातील इतर गोष्टी, म्हणजे अलिसाच्या घरातील कारखान्याचा वारसा, लॉराची तलवार, फीचा भाडोत्री सैनिकांतला भूतकाळ, या त्या उंबरठ्याभोवती ताटकळत राहतात. पहिल्या त्रयीत एस्टेल आणि जोशुआ यांचे नाते खेळाडूने निवडलेले नव्हते. पहिल्या गेमच्या शेवटी जोशुआ तिला सोडून निघून जातो, दुसऱ्या गेममध्ये बराच काळ ती त्याला शोधते आणि त्या नात्याचा भार त्या दोघांवरच राहतो. निवडीचे स्वातंत्र्य दिल्याने गेम समृद्ध होतो ही समजूत या मालिकेत तरी खरी ठरलेली नाही.

‘रेव्हरी’ने यावर उपाय म्हणून रीनसमोर वेगळाच प्रश्न ठेवला आहे: आपण स्वतःला सतत पणाला लावत गेलो, त्याचा शेवट कुठे झाला असता? हा प्रश्न नेमका आहे आणि शेवटच्या भागात त्याला दिलेले रूपही धाडसी आहे. पण तिथे पोहोचेपर्यंतचा रस्ता लांबट आहे. प्रत्येक मोठ्या प्रसंगी आठ-दहा माणसे ओळीने उभी राहतात, एकाचे वाक्य संपले की दुसऱ्याचे येते, आणि त्या वाक्यांवरची नावे झाकली तर कोणते वाक्य कोणाचे हे सांगणे कठीण जावे, इतकी ती एकसारखी असतात. ज्या लेखकांना रेनसारखी मुलगी एका नावातून उभी करता येते त्यांच्याकडून हे वाचताना वाईट वाटते.

मृत्यूबद्दलची माझी नाराजी याहून मोठी आहे. पहिल्या त्रयीत जे गेले ते गेले. एस्टेलची आई लेना १० वर्षांपूर्वीच्या युद्धात मरण पावलेली आहे. जोशुआला लहानपणापासून भावासारखा असलेला लोवे दुसऱ्या गेमच्या अखेरीस जातो. हामेल या त्यांच्या गावाची कत्तल घडवून त्याच युद्धासाठी कारण उभे केले गेले होते, हे सत्य त्याच्या मरणामुळे आपल्या मनात कायमचे रुतते. हामेलची राख पुढे एरेबोनियाच्या गेममध्येही दुसऱ्या एका मुलाच्या आयुष्यात सापडते आणि अनेक वर्षांनी ते गाव पुन्हा आपल्यासमोर येते, हे लेखनातील मोठे यश आहे. पण त्याच एरेबोनियाच्या चार गेममध्ये आपण ज्यांच्यासाठी शोक केला अशी किमान तीन महत्त्वाची माणसे परत येतात. त्यांपैकी एकाचे परतणे कथेला खरोखर हवे होते. इतरांच्या परतण्याने आधीच्या दुःखाचे देणे बुडाले, असे मला वाटते. शोक करणाऱ्या पात्रांचा बदलही मग लटका पडतो, कारण ज्या घावामुळे ते बदलले तो घावच मागे घेतला जातो. ‘रेव्हरी’ या सवयीपासून पूर्णपणे मुक्त नाही, पण तिच्याशी झगडताना दिसतो. त्याच्या शेवटी एक निरोप असा आहे की जो मला सहजासहजी विसरता येणार नाही.

लढाईविषयी थोडक्यात. लढाई पाळीपाळीने होते, पाळ्यांचा क्रम पडद्यावर दिसतो आणि तो फिरवता येतो. या भागात पाच किंवा अधिक माणसे सोबत असली की साऱ्यांनी मिळून हल्ला करण्याची किंवा सावरण्याची नवी सोय आहे. कथेच्या बाहेर एक स्वप्नवत जागा आहे, जिथे तिन्ही वाटांवरची माणसे एकत्र येतात आणि पन्नासहून अधिक पात्रांतून आपला गट निवडता येतो. मला तिथला फिरता चक्रव्यूह फार वेळ रमवू शकला नाही. परंतु तिथे लढून मिळणाऱ्या तुकड्यांमधून जे छोटे कथाप्रसंग उघडतात ते सोडू नयेत. मुख्य कथेत ज्यांना दोन वाक्यांपलीकडे जागा मिळाली नाही त्यांना या प्रसंगांत पुरता अवकाश मिळतो आणि मघाशी सांगितलेली गर्दीची तक्रार इथे बरीचशी फिटते.

गावांतील साध्या माणसांविषयी न बोलता हे परीक्षण संपवणे योग्य होणार नाही. कथेचे पाऊल पुढे पडले की गावातील जवळजवळ प्रत्येक माणसाचे बोलणे बदलते. पावाच्या दुकानातील शिकाऊ मुलगा, रुग्णालयातील परिचारिका, स्थानकावरचा हमाल या प्रत्येकाला स्वतःची छोटी गोष्ट आहे आणि ती कोणत्याही यादीत नोंदली जात नाही, कोणतेही बक्षीस देत नाही. अँटन नावाचा एक तरुण लिबर्लमध्ये प्रेमात आपटतो, मित्राला घेऊन देश सोडतो आणि क्रॉसबेलमध्येही त्याच वाटेने जाताना भेटतो. त्याच्याशी बोलले नाही तर काही बिघडत नाही. मी मात्र प्रत्येक नव्या शहरात पोहोचल्यावर आधी त्याला शोधते. नायकांच्या मोठ्या बदलांवर माझा विश्वास बसतो तो पुष्कळ अंशी अशा माणसांमुळे, कारण राज्ये बदलली तेव्हा यांचेही दिवस बदललेले मी पाहिलेले असतात.

आता प्रश्न उरतो तो कुठून सुरुवात करावी हा. इंग्रजीत ही मालिका उलटसुलट क्रमाने आली. पहिला गेम २०११ साली आला, दुसरा थेट २०१५ साली, एरेबोनियाचे चार गेम २०२० सालापर्यंत पूर्ण झाले आणि जपानमध्ये त्यांच्या आधी आलेले क्रॉसबेलचे दोन गेम २०२२ आणि २०२३ मध्ये आले. त्या काळात ज्यांनी जसे येतील तसे गेम खेळले त्यांना रँडी आधी शिक्षक म्हणून भेटला आणि मग मित्र म्हणून. लॉइडचा पराभव त्यांना आधी कळला आणि त्याची उमेद नंतर. मीही त्यांच्यातलीच एक आहे आणि क्रॉसबेलचे गेम नंतर खेळताना त्या साऱ्या हसण्या-खिदळण्यावर पुढच्या घटनांची सावली पडल्याशिवाय राहिली नाही. आज खेळणाऱ्यांना तसे करण्याची गरज नाही. सारे भाग उपलब्ध आहेत आणि पहिल्या गेमची नव्याने घडवलेली आवृत्ती सप्टेंबर २०२५ मध्ये आली आहे.

नव्या खेळाडूंनी ‘रेव्हरी’पासून सुरुवात करू नये आणि त्यानेही तसा आव आणलेला नाही. एरेबोनियाचे चार गेम खेळलेल्यांनी क्रॉसबेलचे दोन गेम मध्ये न सोडता याच्याकडे यावे, कारण लॉइडच्या वाटेचे सारे वजन त्या दोन गेममध्ये आहे. ज्यांनी पहिल्या त्रयीपासून सगळे खेळले आहे त्यांनी तिसरी वाट शेवटी ठेवण्याचा मोह टाळावा आणि गेम जिथे जिथे परवानगी देतो तिथे तिथे लॉइडकडून थेट ‘सी’कडे जावे. २०२४ सालच्या तेराव्या गेमनेही तीन वाटांची हीच रचना पुन्हा वापरली आहे आणि त्यांतील एक वाट केविन ग्रॅहमची आहे. हा पाद्री दुसऱ्या गेममध्ये हसवायला आला होता, तिसऱ्या गेममध्ये त्याने आपला अपराध आपल्यासमोर उघडा केला आणि त्यानंतर सतरा वर्षांनी त्याला पुन्हा नायकाची जागा मिळाली.